रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ, म्हणून डोळा तपासायचा नाही?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत मुलांच्या डोळ्यांच्या आनुवंशिक आजारांवर आलेला लेख उपयुक्त होता, पण त्याचा एक निष्कर्ष धोक्याचा वाटला. रक्ताच्या जनुकीय चाचणीत दोष निघाला नाही, तर पालकांनी निर्धास्त व्हावे असा त्याचा सूर होता. डोळ्याच्या आतल्या पडद्याबाबत (रेटिना) हे खरे नाही.

गर्भात हा पडदा एकाच जातीच्या मूळ पेशींतून घडतो. मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गँग्लियन पेशी सर्वांत आधी तयार होतात. मधला दुवा असलेल्या बायपोलर आणि आधार देणाऱ्या म्युलर पेशींची पाळी शेवटी येते. डीएनए सगळ्यांत तोच. फरक पडतो तो कोणते जनुक उघडे आणि कोणते बंद, यावर. कुठे डीएनएच्या सायटोसिन या अक्षरावर मिथिल गट हा छोटा रासायनिक तुकडा चिकटतो, कुठे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर खूण पडते आणि जनुक वाचलेच जात नाही. मेक्सिकोतल्या गुहांमधला आंधळा मासा हे याचे ठळक उदाहरण. त्याच्या पिल्लाचा डोळा आधी नीट घडू लागतो, मग काही दिवसांत झिजून जातो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की डोळ्याची अनेक जनुके तिथे तुटलेली नसून मिथिल गटांनी दडपलेली असतात. अक्षरे शाबूत, पण वाचणारा कोणी नाही!

आता माणसाच्या मुलाकडे येऊ. रेटिनोब्लास्टोमा ही पडद्याची गाठ बहुधा पाच वर्षांच्या आतच होते. तेराव्या गुणसूत्रावरच्या आरबी१ जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की ती उगवते. काही गाठींत या जनुकाची अक्षरे जशीच्या तशी असतात, फक्त त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथिल गट बसून ते गप्प झालेले असते. असे मिथिलीकरण जवळजवळ नेहमीच गाठीपुरते असते. रक्तात ते दिसत नाही, आणि नुसती अक्षरे वाचणाऱ्या चाचणीला गाठीतही सापडत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. दोन्ही डोळ्यांत गाठ असेल तर रक्त आधी. एकाच डोळ्यात असून तो काढावा लागला, तर गाठीचा तुकडा आधी तपासायचा आणि त्यात सापडलेले बदल मग रक्तात शोधायचे. गाठीतल्या दोन्ही प्रतींचा बिघाड कळला आणि त्यातला एकही रक्तात नसला, तर धाकट्या भावंडांना भूल देऊन पुन्हा पुन्हा तपासण्याची यातायात वाचते. इथेच गफलत होते. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवण्याच्या द्रवात) जातो, त्यात डीएनए खराब होतो आणि मग चाचणी अर्धवट राहते. कोकणातून शस्त्रक्रियेसाठी मुंबईला जाणाऱ्या पालकांनी थोडा ताजा किंवा गोठवलेला तुकडा राखून ठेवायला आधीच सांगावे. निदानासाठी डोळ्यात सुई घालून तुकडा काढत नाहीत. गाठीच्या पेशी बाहेर पसरू शकतात.

पण हे सारे गाठ सापडल्यावरचे. ती सापडते डोळ्यात पाहून, रक्तात नव्हे. गणपतीला चाकरमानी आले की घराघरात मुलांचे फोटो निघतात. फ्लॅशच्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरट दिसली, तर फोटो पुसू नका. मूल तिरके पाहत असेल, तर निरोगी डोळ्यातही दृष्टिचेतेच्या (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) टोकावरून उजेड परतून असा भास होतो. म्हणून मंद उजेडात, मुलाला सरळ कॅमेऱ्याकडे बघायला लावून पुन्हा काढा. मोबाइलमधली लाल डोळे घालवण्याची सोय आधी बंद करा. पांढरेपणा पुन्हा दिसला, किंवा मूल नव्याने तिरळे बघू लागले, तर बाहुली औषधाने मोठी करून पडदा कडेपर्यंत तपासून घ्यावा, आणि तेही त्याच आठवड्यात. आरतीची गडबड आटोपेपर्यंत थांबू नये.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी