हप्ता थांबला, तर कारणही चावडीवर लावा

महोदय,

पंतप्रधान किसान सन्मान निधीचा हप्ता जमा झाल्याची बातमी आपल्या दैनिकात येते, तेव्हा तिच्यात एकूण रक्कम आणि लाभार्थ्यांची एकूण संख्या असते. ज्यांचा हप्ता मध्येच थांबला, त्यांच्याविषयी मात्र क्वचितच काही वाचायला मिळते. हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

माझे थोरले बंधू वारल्यावर त्यांचा हप्ता बंद झाला, ते नियमाला धरूनच होते. पुढे वारस नोंदीचा फेरफार मंजूर होऊन वहिनींचे नाव सातबाऱ्यावर लागले. या योजनेत जमीनधारणेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख ठरलेली असली, तरी वारसाहक्काने आलेल्या जमिनीला ती आड येत नाही, म्हणून त्यांची नव्याने नोंदणी केली. त्यानंतर दीड वर्ष आम्ही तलाठ्याचा सज्जा, तालुक्याचे कार्यालय आणि बँक असे हेलपाटे घालत राहिलो आणि प्रत्येक ठिकाणी ‘वरूनच बंद आहे’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी सेवा केंद्रातल्या एका मुलाने संगणकावर पाहून सांगितले, की त्यांचे बँक खाते आधारशी जोडलेले नाही. काम एका अर्जाचे होते.

वर्षाला ६,००० रुपये, म्हणजे दर चार महिन्यांनी २,००० रुपये, ही रक्कम शहरातल्या वाचकांना किरकोळ वाटेल. पण पेरणीच्या तोंडावर तेवढ्यात डीएपी खताची एक गोणी आणि युरियाच्या दोन गोण्या येतात. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० रुपयेही किसान सन्मान निधीच्या लाभार्थ्यांनाच मिळतात, त्यामुळे एकीकडे नाव अडले की दुसरीकडचेही पैसे अडतात. (कुळाने किंवा बटईने कसणाऱ्याला यातला एकही रुपया मिळत नाही, तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.)

गावनिहाय लाभार्थ्यांची यादी संकेतस्थळावर आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु हप्ता ई-केवायसीमुळे (म्हणजे आधारवरून ओळख पटवण्यामुळे) अडला, जमिनीच्या नोंदीमुळे की बँक खात्यामुळे, हे पाहायचे तर ज्याने त्याने आपला नोंदणी क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी भरावा लागतो, आणि सत्तरीतल्या बाईकडून ती अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार अनुदान योजनांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागताही प्रसिद्ध करणे सरकारी कार्यालयांवर बंधनकारक आहे. अमेरिकेत शेती अनुदान कोणाला किती मिळाले, हे एका स्वयंसेवी संस्थेने २००१ पासून कौंटीनिहाय (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), नावानिशी खुले केले आहे. आपल्याकडे तर कायद्याने हे काम सरकारकडेच सोपवले आहे.

माझी मागणी अशी, की प्रत्येक हप्त्यानंतर पंधरा दिवसांत, ज्यांचा हप्ता थांबला त्यांची नावे कारणासह आणि पुढे कोणता कागद कोठे द्यायचा या माहितीसह चावडीवर लावावीत, आणि ग्रामसभेत ती वाचून दाखवावीत. आधार किंवा खाते क्रमांक त्यात नसावेत. अपात्र असूनही आयकर भरणाऱ्यांनी घेतलेले हप्ते वसूल करण्याची वेळ सरकारवर आलेली आहेच; लाभार्थ्यांची यादीही सर्वांसमोर वाचली गेली, तर अशी नावेही गावच दाखवून देईल.

आपल्या प्रतिनिधींनाही विनंती आहे, की पुढच्या हप्त्याची बातमी देताना आपल्या तालुक्यात किती जणांचा हप्ता थांबला आणि कोणत्या कारणाने, हे विचारून तेही छापावे.

आपला,
एक शेतकरी वाचक, मराठवाडा