अटलांटिक सिटीला जाण्याआधी: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

मंडळाच्या सहलीचं वेळापत्रक मिळालं. अमेरिकेत उतरल्यावर दुसऱ्याच आठवड्यात न्यू जर्सी राज्यातली अटलांटिक सिटी आणि शेवटी लास वेगास, दोन्ही कॅसिनोंची, म्हणजे जुगारघरांची शहरं. समुद्र बघा, बोर्डवॉकवर (किनाऱ्यालगतच्या लाकडी फळ्यांच्या वाटेवर) मनसोक्त फिरा, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण फोनवर बाबा म्हणाले, "आम्ही नो-स्मोकिंग भागात बसू, काळजी करू नकोस." हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

न्यू जर्सीत 2006 च्या कायद्याने उपाहारगृहं, कचेऱ्या, दुकानं धूरमुक्त झाली, पण कॅसिनो त्यातून वगळले. अटलांटिक सिटीच्या नियमाप्रमाणे जुगाराच्या मजल्याच्या 25 टक्के भागात सिगारेट ओढता येते. हा भाग बऱ्याच ठिकाणी भिंतीने वेगळा केलेला नसतो. गालिचा तोच, छत तेच, फक्त एक पाटी उभी असते. फोडणीचा ठसका जसा बाहेरच्या खोलीत पोचतो, तसाच हा धूर पलीकडे जातो.

आपल्याकडचा 2008 चा नियम बघा. मोठ्या हॉटेलात धूम्रपानासाठी खोली ठेवायची तर चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, दार आपोआप बंद होणारं हवं आणि हवा थेट बाहेर टाकली पाहिजे, ती बाकीच्या हवेत मिसळता कामा नये. शिवाय खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी हवा, म्हणजे दार उघडलं तरी हवा आत खेचली जाते. आपल्याकडे पाळला किती जातो हा वेगळा विषय, पण नियमामागचं शास्त्र बरोबर आहे. अर्थात त्याने बाहेरच्यांना होणारा त्रास कमी होतो, संपत नाही.

"तिथे मोठाली एअर प्युरिफायर आहेत" असं कुणी सांगेल. त्यातला चांगला हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक) 99.97 टक्के कण अडवतो, हे खरं. पण फिल्टरपर्यंत पोचलेली हवाच तो गाळतो. शेजारच्या खुर्चीवरच्या सिगारेटचा धूर तुमच्या नाकात आधी जातो, फिल्टरकडे नंतर. कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझिनसारखे वायू तर हेपातून आरपार जातात. धूम्रपान करणारा बाहेर सोडतो तो धूर थोडा. रक्षापात्रात नुसत्या जळत्या टोकातून निघतो तो जास्त, आणि तो सिगारेटच्या फिल्टरमधूनही गाळला जात नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) 2006 च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की भाग वेगळे करून, हवा शुद्ध करून किंवा वायुवीजन वाढवून हा धोका नाहीसा होत नाही, आणि धुराची सुरक्षित मात्रा अशी काही नसते.

वास येत नाही म्हणून धूर नाही, असंही समजू नका. पुष्कळ कॅसिनोंत हवेत सुगंध सोडतात.

बाबा, तुमच्या स्टेंटमुळे हे मी इतकं ताणून धरतेय. इतरांच्या धुरात काही मिनिटं बसलं तरी रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स चिकट होऊ लागतात आणि रक्तवाहिन्या नीट पसरत नाहीत. कोलोरॅडोतल्या गिल्पिन काउंटीत पुष्कळ कॅसिनो आहेत. 2006 च्या धूम्रपानबंदीतून ते वगळले होते. 2008 मध्ये तेही धूरमुक्त झाले, आणि कॅसिनोंतून येणारे रुग्णवाहिकेचे कॉल जवळपास एक पंचमांशाने घटले. आई, तुझ्या दम्याला तर इतकाही वेळ लागणार नाही.

पत्ते वाटणाऱ्या डीलर मंडळींना तर उठून जाताही येत नाही. लास वेगासच्या तीन कॅसिनोंतल्या, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या डीलरांची अमेरिकेच्या सरकारी संस्थेने तपासणी केली. 2009 च्या त्या अहवालानुसार पाळी संपेपर्यंत त्यांच्या लघवीत तंबाखूतल्या कर्करोगकारक द्रव्याचा अंश वाढलेला होता. अटलांटिक सिटीचे कर्मचारी संपूर्ण बंदीसाठी इतकी वर्षं भांडताहेत, ते उगाच नाही. कोविडमुळे तिथे जुलै 2020 पासून सुमारे वर्षभर बंदी होती, 4 जुलै 2021 ला धूर परत आला. मला याचा मनापासून राग येतो.

मंडळाला कॅसिनो बघायचाच असेल तर जागा बदलायला सांगा. शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाजवळ बेन्सेलमला पार्क्स कॅसिनो आहे, न्यू जर्सीतल्या एडिसनहून साधारण तासाभरावर. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याची सक्ती नसताना त्यांनी आत धूम्रपान बंद ठेवलंय. वेगासला उतरायचं तर पार्क एमजीएम घ्या, 2020 पासून ते पूर्ण धूरमुक्त आहे. वेगासच्या बहुतेक हॉटेलांत खोलीकडे जाणारी लिफ्ट आणि उपाहारगृहं कॅसिनोच्या मजल्यातूनच गाठावी लागतात. त्यामुळे तुम्ही एकही डाव खेळला नाहीत तरी दिवसातून चार-सहा वेळा धुरातून चालणं होतं.

बुकिंग करणाऱ्या काकांना "खोली नॉन-स्मोकिंग आहे का" एवढंच विचारू देऊ नका. अख्खी इमारत धूरमुक्त आहे का, आणि लिफ्टपर्यंत जायला कॅसिनो टाळून वाट आहे का, हेही विचारायला सांगा. धोरणं बदलतात, म्हणून जायच्या आठवड्यात पुन्हा फोन करायचा. खोलीत जुन्या सिगारेटचा वास आला तर सामान उघडण्याआधीच खोली बदलून मागा. पडदे आणि गालिच्यात मुरलेला धूर खिडकी उघडून जात नाही.

नाइलाजाने आतून जावं लागलं तर एन 95 मास्क लावा, कापडी नको. नाकावरची पट्टी दाबून बसवा. बाबा, दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा शिरते, तेव्हा त्या दिवशी दाढी करून निघा. मास्क कण अडवतो, वायू नाही, म्हणून तो फक्त ये-जा करण्यापुरता. तो लावून आत तासभर बसायचं नाही. परत आल्यावर कपडे बदला, धुराचे कपडे पलंगावर टाकू नका.

आई, इन्हेलर बसमध्ये ठेवलेल्या बॅगेत नको, पर्समध्ये हवा, आणि निघण्याआधी डोस किती उरलेत ते बघ. बाबा, छातीत दडपण वाटलं किंवा डाव्या हातात कळ आली तर "पित्त असेल" म्हणून थांबायचं नाही. शेजारच्या कुणालाही 911 (तिथला तातडीच्या मदतीचा नंबर) लावायला सांगा, मला फोन त्यानंतर करा.

काकांचा नंबर कळवा, मी स्वतःच त्यांच्याशी बोलते.

तुमची,
मनू