पट ६३, मोजला ५९

मा. संपादक,

कालच्या अंकातला शाळांच्या नेतृत्वावरचा लेख दोनदा वाचला. मुख्याध्यापकाकडे व्हिजन हवं, टीम बांधता आली पाहिजे, वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण झालं पाहिजे वगैरे. ते ५० तास २०२० च्या शैक्षणिक धोरणातच आहेत आणि माझा प्रशिक्षणाला विरोध नाही, मी स्वतः आवडीने गेलेय. पण दोनशिक्षकी शाळेतला एक जण प्रशिक्षणाला गेला की दुसरा पाच वर्ग एकटा सांभाळतो, हे एवढ्या मोठ्या लेखात एका ओळीतही नाही, याचा राग आला म्हणून लिहितेय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं होते, त्यातली शेवटची ९ वर्षं प्रभारी मुख्याध्यापिका. प्रभारी म्हणजे वर्गही तुमच्याकडे आणि ऑफिसही तुमच्याकडेच. पहिली ते पाचवी, पट ६३. शिक्षण हक्क कायद्यात ६० पर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून तिसरा, म्हणून आम्ही तिघं होतो. एका वर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता (शाळेला किती शिक्षकांची पदं द्यायची ते ठरवणं) झाली तेव्हा ज्यांचं आधार व्हॅलिड तेवढीच मुलं धरली आणि आमची ४ गळली. एकीचं आधारवर लिंग चुकलेलं, दोघा भावांच्या जन्मतारखा जुळेनात, आणि चौथीतल्या एका मुलीचं आधारच नव्हतं कारण ती उसाच्या फडावर जन्मली आणि जन्मदाखला कुणी काढलाच नाही. तिच्या आईने दाखल्यासाठी मजुरी बुडवून किती चकरा मारल्या ते मी बघितलंय, दोनदा तर मीच सोबत गेले होते. मी तालुक्याला जाऊन सांगितलं की साहेब, मुलं रोज वर्गात बसतात, हजेरी बघा, हवं तर स्वतः येऊन मोजा. उत्तर एकच, सिस्टीम घेत नाही मॅडम.

झालं, ५९ वर दोनच पदं मंजूर. पहिली-दुसरीच्या बाई अतिरिक्त ठरल्या आणि समायोजनात दुसरीकडे गेल्या. त्यांच्या वर्गातली पोरं जोडाक्षरं वाचायला लागली होती हो, ते सगळं तिथेच थांबलं.

त्यानंतर माझ्याकडे तीन वर्ग आणि वर ऑफिस. सकाळी तांदूळ मोजून द्यायचा, जेवणाची चव घेऊन रजिस्टरला लिहायचं, जेवलेल्या मुलांचा आकडा त्याच दिवशी अ‍ॅपवर भरायचा, यूडायसची म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदीची माहिती, शालार्थ या ऑनलाइन प्रणालीवरची पगारबिलं, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्तं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री नऊला मेसेज की उद्या ११ पर्यंत लिंक भरा. सोबतच्या सरांना बीएलओ म्हणून मतदारयाद्यांचं काम. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बिगर शैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय, पण या ऑनलाइन भरण्याला शैक्षणिक म्हणायचं की बिगर शैक्षणिक ते कुणीच बोलत नाही.

एक गोष्ट अजून मनातून जात नाही. तीच चौथीतली मुलगी भागाकार अडला म्हणून वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली. मी म्हटलं थांब गं बाळा, आज लिंक बंद होतेय. दुसऱ्या दिवशी आली, तेव्हा पण तेच. तिसऱ्या दिवशी आली आणि उभी राहून न बोलताच जागेवर गेली, नंतर ती विचारायला आलीच नाही. दिवाळीनंतर आईबापाबरोबर तोडीला गेली. संचमान्यतेने तिला मोजलं नाही आणि त्या तीन दिवसांत मीही तिच्याकडे बघितलं नाही.

लेखकांना माझं एवढंच सांगणं आहे की माहिती भरायला प्रत्येक केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेत, एक माणूस द्या, केंद्रातल्या सगळ्या शाळांचं काम तो करेल. आणि शिक्षकाचं पद वर्गात बसलेल्या मुलांवर ठरवा, केंद्रप्रमुखाने येऊन डोकी मोजावीत. एवढं झालं की प्रभारी मुख्याध्यापकसुद्धा दुसऱ्याच्या वर्गात मागे बसून पाठ बघेल, घरी जाऊन पालकांशी बोलेल. मला ९ वर्षांत ते मोजून चार-पाच वेळा जमलं.

जाता जाता अजून एक. मानव विकास कार्यक्रमातल्या, मुलींना शाळेत नेणाऱ्या एसटीबद्दल मी जूनमध्ये पत्र पाठवलं होतं, तुम्ही त्यातला नेमका मुद्दाच कापलात. शनिवारी शाळा सकाळची असते आणि आमच्या गावाला गाडी रोजच्याच वेळेला येते, त्यामुळे हायस्कूलच्या मुली शनिवारी घरीच राहतात. या वेळी तेवढं तरी छापा.

आपली,
एक निवृत्त प्रभारी मुख्याध्यापिका
(कृपया नाव व गाव छापू नये)