गाडी घेण्याआधी तिचा महिन्याचा खर्च मांड

सांगली

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू गाडीचं काढलंस आणि बाबांनी लगेच रंग कुठला म्हणून विचारलं. विषय तिथंच भरकटला. आकडे फोनवर नीट सांगताही येत नाहीत, म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाच. पटलं नाही तर तसं कळव, पण वाचल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नकोस.

गाडी घ्यायला माझी ना नाही. उलट घ्यावीस असंच वाटतं. पुण्याहून येताना भर पावसात रात्री पेठ नाक्यावर उतरून तू सांगलीच्या एसटीची वाट बघत उभा असतोस, तेव्हा इकडं आम्हाला झोप लागत नाही. आजीला मिरजेला डॉक्टरांकडं न्यायचं तर दर वेळी रिक्षा शोधा. गरज खरी आहे. तू फोटो पाठवलेली ती मोठी एसयूव्ही बघून मात्र काळजी वाटली. तिची किंमत एक वेळ जमेल, पण ती दारात आल्यानंतरचा खर्च जमेल का?

पतसंस्थेत वाहन कर्जाचं टेबल माझ्याकडं होतं तेव्हा एक गोष्ट वारंवार बघितली. हप्ता झेपेल इतका पगार प्रत्येकाचा असायचा, त्याशिवाय कर्ज मंजूरच होत नसे. तरी खाती थकायची. बहुतेक वेळा थकायची ती विम्याचं नूतनीकरण आणि चार टायर एकदम अंगावर आले त्या महिन्यात. तालुक्यातले एक शिक्षक होते. मोठी डिझेल गाडी, सात वर्षांचं कर्ज. तिसऱ्या वर्षी माझ्यासमोर बसून त्यांनी तीन बिलं टेबलावर ठेवली: विमा, टायर आणि क्लच. बेरीज महिन्याच्या पगाराच्या वर गेली होती. पुढं गाडी दारात उभी असायची आणि सर शाळेला मोटारसायकलवर जायचे. शेवटी गाडी विकली तरी कर्ज पूर्ण फिटलं नाही, कारण मुद्दल सावकाश कमी होत होतं आणि गाडीची किंमत भराभर उतरत होती. चांगला, सरळ माणूस. त्यांना गाडी विकणाऱ्यानं हप्त्याचा आकडा सांगितला होता, बाकीचं कुणीच सांगितलं नव्हतं.

म्हणून तुझ्यासाठी मीच मांडून बघितलं. ऑन रोड साडेआठ लाखांची गाडी धर. अडीच लाख तू भरलेस, सहा लाख कर्ज, व्याज ९ टक्के. पाच वर्षांना हप्ता १२,४५५ रुपये. सात वर्षांना ९,६५३. हा दुसरा आकडा दाखवून ते तुला खूश करतील, पण सात वर्षांत तू जवळपास ६३,५०० रुपये जास्त व्याज भरशील. पाच वर्षांच्या वर जाऊ नकोस. पाच वर्षांत बसत नसेल तर ती गाडी आपली नव्हे.

आता पेट्रोल. ऑफिसचं जाणं-येणं आणि महिन्यातून एकदा सांगलीची फेरी मिळून हजार किलोमीटर होतात. लिटरला १८ चं अॅव्हरेज आणि १०५ चा भाव धरला तर ५,८०० रुपये. विमा, सर्व्हिसिंग, चार-पाच वर्षांनी येणारे टायर, बॅटरी आणि फास्टॅगचा वार्षिक पास हे सगळं वर्षावर पसरलं की छोट्या गाडीला पस्तीस-छत्तीस हजार होतात, म्हणजे महिन्याला तीन हजार. बेरीज एकवीस हजारांच्या पुढं गेली. शोरूमवाला तुला बारा हजार म्हणाला होता ना? मोठ्या गाडीला यातला प्रत्येक आकडा वाढतो. टायर मोठे, विम्याची रक्कम जास्त, अॅव्हरेज कमी.

एक करून बघ. आतापासूनच दर एक तारखेला एकवीस हजार वेगळ्या खात्यात टाक आणि उरलेल्या पैशांत महिना काढ. चार-सहा महिने ओढाताण न होता निघाले तर गाडी झेपते असं समज, आणि साठलेले पैसे डाऊन पेमेंटला येतील. गाडी आल्यावरही ते तीन हजार रिकरिंगला टाकत राहा, म्हणजे विम्याचा महिना आला की कुणापुढं हात पसरायला नको. (फास्टॅगचा पास १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळतो. सुरुवातीला तो ३,००० रुपयांना होता; वर्षभर किंवा २०० वेळा, जे आधी संपेल ते. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे असे तिन्ही नाके जाताना-येताना धरले तरी तुझं वर्ष त्यात आरामात बसतं.)

करातही मोठा फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के झाला. लांबी किंवा इंजिन यातलं एक जरी पुढं गेलं तरी ४० टक्के. तुझी एसयूव्ही दोन्हीत पुढं आहे. त्यावर आपल्या राज्याचा रोड टॅक्स: दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३, आणि गाडी महाग तसा दरही चढतो. हे पैसे इंजिनात जात नाहीत की गादीत. विकताना ते कुणी परत देत नाही.

डिझेलचा विचार सोड. बीएस-६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ व्हायला गाडी बराच वेळ एका वेगानं पळावी लागते. तुझं रोजचं चालणं सिग्नल ते सिग्नल. असे चोंदलेले फिल्टर घेऊन लोक मामाच्या गॅरेजवर येतात आणि खर्च ऐकून गप्प होतात. इलेक्ट्रिकला जीएसटी फक्त ५ टक्के आहे, पण भाड्याच्या फ्लॅटमध्ये चार्जिंगची सोय नाही तोवर तिचं नाव नको.

सीएनजीचं मात्र मन लावून बघ. पेट्रोलपेक्षा गाडी नव्वद हजारांच्या आसपास महाग पडते. किलोला २५ किलोमीटर आणि ९० रुपये भाव धरला तर तुझ्या हजार किलोमीटरमागं महिन्याला सव्वादोन हजार वाचतील, म्हणजे जादा दिलेले पैसे वसूल व्हायला साडेतीन वर्षं. पुढं ऑफिस लांब गेलं तर लवकर. पण पंपावरच्या रांगा, डिकीतली टाकी, दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी हेही त्यात आलं. सणाला येताना तू मागं काय काय भरून आणतोस ते मला माहीत आहे. माझं मत साध्या पेट्रोलला.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र मी एक रुपयाचीही काटकसर करू देणार नाही. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडं उतरताना जे एस वळण आहे, तिथल्या अपघातांच्या बातम्या वाचून मी पेपर मिटून ठेवते. तू त्याच रस्त्यानं दर महिन्याला जाणार. सहा एअरबॅग, स्थिरता सांभाळणारी ईएससी यंत्रणा आणि क्रॅश टेस्टचे तारे हे तीन बघितल्याशिवाय गाडी ठरवायची नाही. आता भारत एनकॅप म्हणून आपल्याच देशाची चाचणी आहे, ऑक्टोबर २०२३ पासून. टाटा पंचला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅप या परदेशी चाचणीचे पाच तारे मिळाले, नव्या डिझायरला २०२४ मध्ये. वॅगनआर मला चढ-उतरायला फार आवडते, पण २०२३ च्या चाचणीत तिला एकच तारा होता. त्यानंतर तिच्यात सहा एअरबॅग आल्या हे खरं, तरी माझं मन घेत नाही.

मामाचा कौल डिझायरला. त्याचं कारणही मोलाचं आहे. तो म्हणतो, पुणे ते सांगली या रस्त्यावर शिरवळ, सातारा, कराड, इस्लामपूर, कुठंही गाडी बंद पडली तरी हात घालणारा मेकॅनिक आणि तासाभरात पार्ट मिळेल अशीच गाडी घ्यावी. साधं पेट्रोल इंजिन, टर्बो नको, गिअर हाताचे. पुण्याच्या ट्रॅफिकला कंटाळून ऑटोमॅटिकच हवी असेल तर एएमटी घे म्हणतो, कारण आत गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. दोन क्लचवाल्या महागड्या ऑटोमॅटिकचं काम निघालं की बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं.

मी पंचकडं झुकते ते आजीमुळं. तुझ्या लक्षात आलंय का, आजी गाडीत कशी बसते? आधी पाठमोरी होऊन सीटवर टेकते, मग दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून आत घेते, नंतर डावा. सीट खाली असली की टेकतानाच तिचा तोल जातो आणि ती दाराला लटकते. पंचची सीट उंच आणि दार जवळजवळ काटकोनात उघडतं. तेव्हा ट्रायलला दोन्ही गाड्या दारात बोलावू आणि तिला बसवू. तिला जमेल ती घेऊ. तू आणि मामा त्यापुढं काय वाद घालायचा तो घाला.

जुनी गाडी घेऊन पैसे वाचवावेत असंही तू म्हणालास. विचार चुकीचा नाही. विम्याच्या हिशेबात दोन वर्षं उलटलेल्या गाडीची किंमत ३० टक्के कमी धरतात, ती घट आधीच्या मालकानं सोसलेली असते. एका हातची, सर्व्हिसचं रेकॉर्ड असलेली, एप्रिल २०२३ नंतर बनलेली गाडी मिळाली तर जरूर बघ. तारीख अशासाठी की आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई२० पेट्रोल मिळतं (आपल्याच भागातल्या उसाचं), आणि तेव्हापासूनच्या गाड्यांचे पाइप, सील त्यासाठी बनवलेले आहेत.

पण पुरातली गाडी गळ्यात पडू देऊ नकोस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर मामाच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागली होती, चारी दारं उघडी, सीटा बाहेर काढून उन्हात टाकलेल्या, आणि सगळ्याला तो कृष्णेच्या गाळाचा वास. त्यातल्या बऱ्याच दुरुस्तीच्या पलीकडं गेल्या होत्या. अशा गाड्या भंगाराच्या भावात उचलून, धुऊन-पुसून लांबच्या जिल्ह्यात विकणारे लोक असतात. २०२१ लाही पूर आला होता, आणि पूर काही फक्त सांगलीला येत नाही. मामा काय करतो ते सांगते. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बाहेर काढतो. वरचा भाग कितीही धुतला असला तरी गुंडाळीच्या तळाशी तपकिरी रेघ राहते. मग स्टेपनीच्या खड्ड्यातला गालिचा उचलून कोपऱ्यात बोट फिरवतो. सीटखालच्या रुळांवर आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर गंज आहे का बघतो. हेडलाइटच्या आत धुकं दिसलं, किंवा गाडीत अत्तराचा वास जरा जास्तच आला, तर तो पुढं बोलतसुद्धा नाही. कागदही तितकेच महत्त्वाचे: आरसीवर आधीच्या बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलायला २९ आणि ३०. बोजा उतरल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

पुराचं निघालंच आहे तर विम्याचंही सांगते. झिरो डेपसोबत (म्हणजे पार्टच्या घसाऱ्याचे पैसे न कापणारा विमा) इंजिन प्रोटेक्ट घे. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान भरून मिळतं, पण पाण्यात अडकलेली गाडी कुणी चालू करायला गेलं आणि पाणी इंजिनात ओढलं गेलं, तर पाणी दाबलं जात नाही, आतला रॉड वाकतो, आणि कंपनी ते द्यायला तयार होत नाही. आपल्या गल्लीत पाणी शिरलेलं तू पाहिलं आहेस. तसं झालंच तर चावीला हात लावायचा नाही, टोचन लावून बाहेर काढायची.

शोरूमचं कोटेशन ओळीनं लिहून माग. हँडलिंग, अॅक्सेसरीज किट असलं काही आत असेल तर कशाचे पैसे ते विचार आणि नको असेल तर काढायला लाव. विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचा दर काढून समोर ठेव. नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, १,००० ते १,५०० सीसीला त्याचे १०,६४० रुपये ठरलेले आहेत, त्यात घासाघीस होत नाही. घासाघीस करायची ती स्वतःच्या गाडीच्या विम्यावर.

कोटेशन हातात आलं की फोटो पाठव, मी ओळ न् ओळ बघते. येत्या रविवारी येणार असशील तर शनिवारी सकाळपर्यंत कळव, म्हणजे मामाला गॅरेज लवकर बंद करायला सांगते आणि आजीच्या औषधाची वेळ सांभाळून ट्रायलच्या गाड्या दुपारी चारला बोलावते.

तुझी,
आई