अनुदान केवळ यंत्राला नको, वेळेवर झालेल्या कामालाही हवे

महोदय,

शेतीतील मजूरटंचाईवर ड्रोन, सेन्सर आणि स्वयंचलित यंत्रे हा उपाय असल्याचे अलीकडे वारंवार सांगितले जाते. सांवेरकडे थोडी वडिलोपार्जित शेती असलेला इंदूरकर म्हणून मला ते तत्त्वतः मान्य आहे. मात्र टंचाई नेमकी कोणत्या कामाला आणि कोणत्या आठवड्यात भासते, याचा विचार त्यात क्वचितच दिसतो.

गव्हाची कापणी कंबाइन हार्वेस्टरने केव्हाच सोपी केली (शेतात उरणारी नरवाई म्हणजे पिकाचे खुंट जाळण्याची डोकेदुखीही त्यानेच दिली, हे वेगळे). ओढाताण होते ती सोयाबीनला. सप्टेंबरअखेरीस गावोगावचे पीक एकदमच तयार होते, पाऊस रेंगाळला तर माळव्याच्या काळ्या जमिनीत जड कंबाइन उतरत नाही, आणि कापणी लांबली की शेंगा उभ्या पिकातच तडकतात. कापणीला येणारे झाबुआ-अलीराजपूर जिल्ह्यांकडचे अनेक मजूर आता गुजरातेत बांधकामावर जातात. तिथे काम अधिक दिवस मिळत असेल तर त्यांना बोल कसा लावणार? लसणाचे तर पाकळ्या टोचण्यापासून पात कापण्यापर्यंत बहुतेक काम आजही हातांनीच होते.

अशा वेळी केंद्र सरकारच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत 15,000 महिला बचत गटांना 80 टक्के, कमाल 8 लाख रुपयांपर्यंत, साहाय्य देऊन ड्रोन पुरवण्याचे ठरले. महिलांना उत्पन्न मिळते हे स्वागतार्हच आहे, परंतु ड्रोन फवारणी करतो. तो कापणी करत नाही. त्यापेक्षा रात्रीच्या विजेवर पंप घरबसल्या सुरू करून देणाऱ्या साध्या मोबाईल स्टार्टरने आमच्या भागात माणसाचे श्रम अधिक वाचवले आहेत.

2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी जमीनधारणा 1.08 हेक्टर आहे. एवढ्या शेतीवर स्वतःचे यंत्र परवडत नाही, म्हणून यंत्रे भाड्याने देणाऱ्या कस्टम हायरिंग केंद्रांची कल्पना योग्यच होती. पण हंगामात यंत्र आधी ओळखीच्यांकडे जाते, बिघडले तर मिस्त्री मिळत नाही. अशा भाडेकेंद्राला यंत्रखरेदीबरोबरच प्रत्यक्ष कापलेल्या एकरांवर अनुदान द्यावे, हलके रीपर (कापणीयंत्र) आणि मळणीयंत्रे ठेवणे बंधनकारक करावे, मोबाईलवरील नोंदणीचा क्रम सर्वांना दिसावा आणि चालक म्हणून झाबुआ-धारच्या तरुणांनाच बुधनीच्या कृषी यंत्र प्रशिक्षण संस्थेत पाठवावे. इंदूर जिल्हा प्रशासनाने येत्या खरिपात निदान सांवेर आणि देपालपूर तहसिलींत हा प्रयोग करून केंद्रनिहाय हिशोब जाहीर करावा, ही विनंती.

– एक वाचक, इंदूर