खिडकीमागचा माणूसही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विकसनशील देशांच्या अर्थव्यवस्थेत माहिती व संपर्क तंत्रज्ञानाने बजावलेल्या भूमिकेविषयीचा लेख आपल्या दैनिकात वाचला. दर शंभर माणसांमागे ब्रॉडबँडच्या दहा जोडण्या वाढल्या की कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांचा विकासदर सुमारे १.३८ टक्के-अंकांनी वाढतो, हा जागतिक बँकेच्या २००९ सालच्या अभ्यासातील आकडा लेखाचा मुख्य आधार होता. आकडा खोटा नाही, पण त्यावर जेवढा भार टाकला जातो तेवढा तो पेलणारा नाही. ज्या देशाचे उत्पन्न वाढते तो देश जोडण्याही अधिक घेतो, आणि अशा वेळी कशामुळे काय वाढले याचा उलगडा देशोदेशींच्या सरासऱ्यांतून होणे कठीण असते. तो वाद मी तज्ज्ञांवर सोडतो. मला लिहावेसे वाटले ते लेखात अजिबात न आलेल्या एका घटकाविषयी. गरिबांना या तंत्रज्ञानाचा जिथे ठळक उपयोग झाला, तिथे बहुतेक वेळा यंत्र आणि ग्राहक यांच्यामध्ये एक माणूस बसलेला होता. त्याचा हिशेब आपण कधी मांडत नाही.

केनियातील ‘एम-पेसा’ या फोनवरून पैसे पाठवण्याच्या सेवेचे उदाहरण या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण देतो आणि बहुधा अर्धेच देतो. सफारीकॉम या दूरसंचार कंपनीने ही सेवा मार्च २००७ मध्ये सुरू केली. छोट्या कर्जांचे हप्ते फोनवरून फेडता यावेत, हा तिचा मूळ हेतू होता. परंतु चाचणीच्या काळातच लोक ती एकमेकांना पैसे पाठवण्यासाठी वापरू लागले आणि कंपनीने, कौतुकाची गोष्ट म्हणजे, आपला आराखडा बाजूला ठेवून लोकांचे ऐकले. साधा फोन आणि सिमकार्डातला मेनू एवढ्यावर काम भागत होते. इंटरनेट लागत नव्हते. इथवर सांगून लेख थांबतात. पण नैरोबीत मजुरी करणाऱ्याच्या हातातली नोट फोनमधल्या शिलकेत जमा कोण करतो, आणि गावी त्याच्या आईच्या फोनात पोहोचलेल्या शिलकेची पुन्हा नोट कोण करून देतो? हे काम दुकान मांडून बसलेल्या, या सेवेच्या एजंटचे असते.

या एजंटला दोन गल्ले सांभाळावे लागतात, एक रोकडीचा आणि दुसरा फोनमधल्या शिलकेचा. कोणी पैसे भरले की रोकड वाढते आणि शिल्लक घटते. कोणी काढले की याच्या उलट होते. पैशाचा ओघ शहराकडून गावाकडे असल्याने शहरातल्या एजंटजवळ नोटा साचत जातात आणि शिल्लक संपते, तर गावातल्या एजंटजवळ शिल्लक भरपूर असते आणि रोकडीचा गल्ला रिकामा पडतो. मग दुकानाला कुलूप घालून त्याला बँकेची शाखा गाठावी लागते. जाण्यायेण्याचा वेळ, वाटखर्च आणि परतताना अंगावर रोकड बाळगण्याची धास्ती, हे सारे तो दर व्यवहारामागे मिळणाऱ्या तुटपुंज्या कमिशनमधून सोसतो. ज्या दिवशी त्याला जाणे जमत नाही, त्या दिवशी टॉवर सुरू असतो, फोन चार्ज असतो, मुलाने पाठवलेली रक्कम पडद्यावर दिसत असते, आणि तरीही म्हातारी हात हलवत घरी परतते.

टॅवनीत सूरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या सेवेमुळे केनियातील सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे, म्हणजे देशातील २ टक्के कुटुंबे, दारिद्र्यातून वर आली. या निष्कर्षावर पुढे टीकाही झाली आणि तो अंतिम सत्य म्हणून घेऊ नये हे मला मान्य आहे. मला महत्त्वाची वाटते ती त्या अभ्यासाची मोजपट्टी. कोणाकडे फोन आहे आणि कोणाकडे नाही, अशी तुलना त्यांनी केली नाही. घराच्या आसपास एजंटांची संख्या किती वाढली, यावरून त्यांनी कुटुंबांची तुलना केली. गरिबीवर झालेल्या परिणामाचा शोध ज्यांनी बारकाईने घेतला, त्यांनी खिडकीमागचा माणूस मोजला. आपण मात्र अजून फोन मोजत बसलो आहोत.

दुसरे नेहमीचे उदाहरण उत्तर केरळच्या किनाऱ्यावरील तारली पकडणाऱ्या मच्छीमारांचे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी तिथल्या बाजारांच्या नोंदी ठेवल्या होत्या. १४ जानेवारी १९९७ रोजी वडकरा येथील ११ मच्छीमारांना गिऱ्हाईक न मिळाल्याने मासळी टाकून द्यावी लागली, आणि त्याच सकाळी १५ किलोमीटरच्या आतल्या बाजारांमध्ये २७ खरेदीदार मासळीविना ताटकळत होते. १९९७ ते २००१ या काळात किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली, तेव्हा होडीतूनच भाव विचारून कुठल्या किनाऱ्याला लागायचे हे ठरवता येऊ लागले. मासळी टाकून देणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला भाव ४ टक्क्यांनी कमी पडला. कोणतेही सरकारी अनुदान नसताना दोन्ही बाजूंचे भले व्हावे, असा प्रसंग अर्थशास्त्रात विरळा. म्हणूनच हे उदाहरण इतके गाजले.

तथापि पुढे त्याच किनाऱ्यावर गेलेल्या अभ्यासकांना आणखी एक गोष्ट आढळली. होडी आणि जाळ्यांसाठी अनेकांनी लिलाव करणाऱ्या दलालाकडून उचल घेतलेली असते आणि तिच्या बदल्यात मासळी त्याच्याच हातून विकण्याचे बंधन असते. अशा मच्छीमाराला शेजारच्या बंदरातला चढा भाव फोनवर कळतो, पण होडी नेहमीच्याच किनाऱ्याला न्यावी लागते. म्हणजे मधला माणूस दर वेळी उपकारकच असतो असे नाही. तो उपकारक ठरेल की मानगुटीवर बसेल, हे त्याचे ग्राहकाशी देणेघेणे कोणत्या अटींवर चालते यावर ठरते, आणि फोन त्या अटी आपोआप बदलत नाही. बांगलादेशात १९९७ पासून, गरिबांना छोटी कर्जे देणाऱ्या ‘ग्रामीण बँक’ या संस्थेच्या कर्जावर फोन घेऊन गावाला मिनिटांच्या हिशेबाने तो वापरू देणाऱ्या स्त्रियांना काही वर्षे चांगली कमाई झाली; घरोघरी फोन आले तशी ती आटली. ही व्यवस्था फसली असे कोणी म्हणू नये, पण तिच्यावर संसार उभा करणाऱ्या बाईचे पुढे काय, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही.

शिक्षणाच्या क्षेत्रात हाच धडा अधिक महागात पडला. पेरू देशाने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेखाली मोठा खर्च केला. ३१९ ग्रामीण शाळांतील अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये बाहेर आले, तेव्हा संगणकांचे प्रमाण दर विद्यार्थ्यामागे ०.१२ वरून १.१८ वर गेलेले होते आणि गणित वा भाषेतील गुणांत काहीही फरक दिसत नव्हता. शिक्षकांच्या तयारीकडे पुरेसे लक्ष दिलेलेच नव्हते. याउलट नायजर या त्याहून कितीतरी गरीब देशात प्रौढ साक्षरतेच्या वर्गांना काही साधे मोबाइल फोन जोडून दिले गेले. वर्ग तेच, शिक्षक तेच, फोनही एकेका गटात वाटून वापरायचे. तरी फोन असलेल्या गावांतील प्रौढांचे गुण इतर गावांपेक्षा सरस आले. लघुसंदेश वाचता यावा आणि स्वतः लिहिता यावा, ही ओढ शिकणाऱ्याच्या मनात होती आणि ती वळणावर आणणारा शिक्षक वर्गात हजर होता. पेरूच्या मानाने हा खर्च किरकोळ म्हणावा असा होता, हे अर्थसंकल्प मांडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मी स्वतः काही वर्षे पैसे पाठवण्याच्या अशाच एका केंद्रावर काम केले आहे, म्हणून थोडे आतले सांगतो. समोरची व्यक्ती फोन पुढे करते आणि त्याबरोबर घडी घातलेली चिठ्ठी. चिठ्ठीत नातवाच्या अक्षरात पिनचे चार आकडे. नियमाप्रमाणे ती चिठ्ठी मी बघायलाही नको. पण नियम पाळला तर काम होत नाही आणि मोडला तर उद्या रक्कम कमी भरल्यास पहिला संशय माझ्यावर. मी आकडे दाबत असे आणि उरलेली शिल्लक दर वेळी मोठ्याने वाचून दाखवत असे. एकदा क्रमांकातला एक आकडा माझ्याच हातून चुकला आणि एका बाईंची रक्कम भलत्याच माणसाला गेली. ती परत मिळवण्यासाठी मी आठवडाभर तक्रार केंद्राला फोन करत होतो. प्रत्येक नव्या माणसाला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागे. तोवर बाईंना मी पदरचे पैसे दिले. व्यवस्थेत अशा चुकीची सोय असायला हवी होती. ती नव्हती, त्यामुळे चूक दुरुस्त होणे न होणे माझ्या पदरात त्या दिवशी पैसे असण्यावर अवलंबून राहिले.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात सुमारे २६० कोटी लोक त्या वर्षी इंटरनेटपासून दूर होते; अल्प उत्पन्नाच्या देशांत केवळ २७ टक्के लोक ते वापरत होते. यांपैकी बहुसंख्य लोक राहतात तिथे मोबाइलचे नेटवर्क आधीच पोहोचलेले आहे. अडचण टॉवरची नाही, तर फोनची किंमत, वाचता न येणे, फसवणुकीची भीती आणि घरातला फोन कोणाच्या हातात असतो याची आहे. असे असताना काही सरकारांना या व्यवहारांत आधी दिसला तो महसूल. युगांडाने २०१८ मध्ये मोबाइलवरील पैशाच्या व्यवहारांवर १ टक्का कर लावला आणि ओरड झाल्यावर तो फक्त पैसे काढण्यावर, तोही अर्धा टक्का ठेवला. घानाने २०२२ मध्ये दीड टक्का कर लावला, पुढे तो १ टक्क्यावर आणला आणि अखेर २०२५ मध्ये रद्द केला. असा कर पाठवणाऱ्याला टाळता येतो, कारण त्याच्याकडे रोख देण्याचा जुना मार्ग असतो. एजंटकडे दुसरा मार्ग नसतो; व्यवहार घटले की त्याचे कमिशनही घटते.

आपल्या दैनिकात या विषयावर पुन्हा लेख यावा अशी माझी विनंती आहे. त्यात शंभर माणसांमागे किती फोन हा आकडा अवश्य द्यावा; पण त्याशेजारी हेही यावे की फोनात आलेले पैसे हाती पडण्यासाठी गावातल्या माणसाला किती चालावे लागते, तिथे पोहोचल्यावर गल्ल्यात रोकड असते का, आणि आकडा चुकला तर तक्रार ऐकायला कोणी बसलेले असते का.

कळावे.

आपला नम्र,
एक वाचक