बाबा, ते दहा लाख तुमचेच राहू द्या

पुणे, रविवार, रात्री साडेदहा

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "निवृत्तीच्या पैशातले दहा लाख बाजूला काढलेत, फ्लॅट बघायला लाग." मी नुसतं "बघू" म्हणून फोन ठेवला. आईला वाटलं असेल, पोरगी रुसली. रुसले नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही. तीस वर्षं एसटीचे कंडक्टर म्हणून पाटणच्या आणि ढेबेवाडीच्या गाड्यांत उभं राहून मिळवलेला पैसा तुम्ही एका वाक्यात माझ्या ओटीत टाकलात. फोनवर मला नीट बोलता येत नाही, मध्येच तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणता. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाचा आणि आईलाही मोठ्यानं वाचून दाखवा.

मला ते पैसे नकोत. कारण हिशेबाचं आहे, आणि हिशेब मी तुमच्याकडूनच शिकले.

मी चौथीत असेन. कराड डेपोत कॅश रूमबाहेरच्या बाकावर तुमची वाट बघत बसले होते. वेबिलाप्रमाणे, म्हणजे तिकीटविक्रीच्या हिशेबाच्या कागदाप्रमाणे, चौदा रुपये कमी येत होते. तुम्ही ट्रेमधले तिकिटांचे गठ्ठे एकेक करून परत लावलेत, नंबर ताडून पाहिलेत, नाण्यांच्या चवडी मोडून पुन्हा रचल्यात. शेवटी खिशातून चौदा रुपये काढून भरलेत. घरी येताना मी म्हटलं, चौदाच तर रुपये होते, एवढा वेळ कशाला? तुम्ही म्हणालात, "भरायचे ते भरलेच असते गं, पण गेले कुठं ते कळायला नको?"

पुण्यात आल्यावर पहिली दोन वर्षं मी हेच विसरले होते. आजवर तुम्हाला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

२०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत घरात पगार नव्हता. माझ्या हातात तेव्हा एकवीस हजार यायचे, त्यातले आठ मी घरी पाठवायचे. ते पाठवल्याचं मला कधी दुःख नाही, आणखी असते तर आणखी पाठवले असते. पण माझा स्वतःचा खर्च मी क्रेडिट कार्डावर ढकलत गेले. संपाआधी घेतलेला मोबाईल त्यात होताच. बिल ३८ हजारांवर गेलं. बिलात दोन आकडे असतात, एक पूर्ण रकमेचा आणि एक कमीत कमी भरायच्या रकमेचा. कमीत कमी होते १,९०० रुपये. मी दर महिन्याला तेवढे भरायचे आणि वेळेवर भरतेय म्हणून निश्चिंत असायचे. तुम्ही फोनवर विचारायचात, "तुझं बरं चाललंय ना?" मी हो म्हणायचे.

सहा महिन्यांनी एका रात्री वही घेऊन बसले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३८ हजारांवर १,३३०. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, आणखी २३९. भरलेल्या १,९०० पैकी मुद्दलाला जात होते ३३१ रुपये. आणि आधीचं बिल पूर्ण फिटलेलं नसलं की नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, म्हणजे ते ३३१ सुद्धा कुठेच दिसत नव्हते. गेले कुठं, ते त्या रात्री कळलं.

दुसऱ्याच आठवड्यात मी चौदा टक्क्यांनी दोन वर्षांचं वैयक्तिक कर्ज काढलं आणि कार्डाचं बिल एकरकमी मिटवलं. त्या कर्जाचा हप्ता १,८२५ च्या आसपास होता. जवळपास तेवढेच पैसे मी आधीही भरत होते बाबा, पण आता त्याला शेवटची तारीख होती. दोन वर्षांत ते फिटलं. कार्ड मी बिल मिटवलं त्याच दिवशी कात्रीनं कापलं होतं, आणि बँकेला कळवून बंदही करून घेतलं.

आणि आई, त्या संपाच्या महिन्यांत तू भिशीचे पैसे आधी उचललेस आणि दोन पाटल्या सराफाकडे ठेवल्यास. मला महिनाभरानं कळलं, तेही व्हिडिओ कॉलवर तुझे हात मोकळे दिसले म्हणून. तू म्हणालीस, "पिकोच्या मशीनवर आपटतात, म्हणून काढून ठेवल्यात." पाटल्या पुढं सोडवल्यास, पण तो मोकळा हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून कर्ज फिटल्यावर सगळ्यात आधी मी एकच गोष्ट केली. माझा महिन्याचा खर्च चोवीस हजार धरला आणि सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत दुसरीकडे कुठेही पैसा घातला नाही. आता दीड लाख आहेत, वेगळ्या बँकेत, एफडीत. उद्या माझी नोकरी गेली किंवा तुमच्यापैकी कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं, तर पाटल्यांना हात लावायची वेळ येणार नाही.

आता माझा आजचा हिशेब, कारण तुमची काळजी त्याचीच आहे. हातात ४६ हजार येतात. भाड्याचा माझा वाटा साडेनऊ. किराणा, वीज, पेट्रोल धरून अकरा. घरी सहा, आणि ते बंद होणार नाहीत, तेव्हा तो विषय काढू नका. तीन हजार पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी दीर्घ मुदतीच्या बचत खात्यात, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, कारण पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असते तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज धरतात. सात हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम. तीन हजार विमा आणि अडीअडचणीला. उरलेल्या साडेसहा हजारांत माझी हौसमौज, आणि त्यात मी कमी करत नाही. आई, तू कधी स्वतःसाठी साडी घेताना पाहिलं नाही मी तुला, आणि ते काही चांगलं नव्हतं.

एसआयपीवरून तू म्हणतेस, हा सट्टाच की. मी कुणाच्या टिपेवर शेअर घेत नाही. माझे पैसे निफ्टीच्या इंडेक्स फंडात जातात, म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा थोडाथोडा वाटा. तो खाली जातोच. २०२० च्या जानेवारीत निफ्टी बारा हजारांच्या वर होता आणि मार्चमध्ये आठ हजारांच्या खाली आला. म्हणून तिथे मी तेवढेच पैसे घालते जे मला दहा वर्षं लागणार नाहीत. बाबांचे पैसे मात्र तिथे एक रुपयाही घालायचे नाहीत. कुणी कितीही आकडे दाखवू देत.

फ्लॅटचं बोलू. धायरीत मी खरंच दोन फ्लॅट बघून आले, म्हणजे बोलताना आकडे हाताशी असावेत. ५५ लाख. वीस टक्के आपले, म्हणजे अकरा. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्क्यानं कमी, तरी सहा टक्के म्हणजे तीन लाख तीस हजार, वर नोंदणीचे तीस हजार. इमारत बांधकाम चालू असलेली, त्यामुळे पाच टक्के जीएसटी, पावणेतीन लाख. तुमचे दहा आणि माझे सगळे घातले तरी पुरत नाहीत. आणि पुरले असते तरी ४४ लाखांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, ३८ हजारांच्या वर जातो. पगार ४६. मग खायचं काय, आणि घरी पाठवायचं काय? आज मी साडेनऊ हजारांत राहते. कधी ना कधी घर घेईन, ते मलाही हवंय, पण ते माझ्या पगाराला झेपेल तेव्हा.

आता तुमच्या पैशाचं सांगते, आणि हे घाईचं आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून एकोणीस लाख आलेत. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतची महिन्याची पेन्शन साडेचार हजारांच्या आसपास बसतेय. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. ती साठीनंतरची, पण नियत वयानं निवृत्त झालेल्यांना पंचावन्ननंतरही घेता येते, अट एवढीच की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं. तुमचा दीड महिना गेलाय. सध्या व्याज ८.२ टक्के आहे आणि खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. पंधरा लाख ठेवले तर दर तीन महिन्यांनी ३०,७५० येतील, म्हणजे महिन्याला १०,२५०. पेन्शन धरून पावणेपंधरा हजारांच्या आसपास. त्यातले दहा लाख मला दिलेत तर महिन्याला व्याज राहील ३,४१७. तेवढ्यात तुमच्या शुगरच्या गोळ्या, गॅस आणि लाईटबिल भागवायचं का? मग महिनाअखेरीला तुम्ही मला फोन करणार नाही, हे मला माहीत आहे. आईचा हात पुन्हा मोकळा दिसेल.

म्हणून पंधरा तिथे आणि चार बँकेत एफडीला, दोन-दोन लाखांच्या दोन पावत्या करून, म्हणजे अडचणीला एकच मोडता येईल. पोस्टातलं खातं दोघांच्या नावावर जॉइंट काढा. करकपात नको असल्याचा फॉर्मही तिथेच भरून द्या, म्हणजे व्याजातून टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जाणार नाही.

आणखी एक. पतसंस्थेत तुम्ही तीन लाख अकरा टक्क्यांनी ठेवलेत. चेअरमन तुमच्या ओळखीचे आहेत, माणूस सरळ आहे, हे मी मान्य करते. पण बँक बुडाली तर ठेवीदाराला एका बँकेमागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेलाही असतं. पतसंस्थेला ते नसतं. काकांचे अडीच लाख शेजारच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेत अडकले तेव्हा तिथला चेअरमनही ओळखीचाच होता. मुदत संपेल तेव्हा नूतनीकरणाच्या कागदावर सही करू नका.

तुमच्या दोघांच्या आरोग्य विम्याचा हप्ता मी भरणार. माझ्या कंपनीच्या पॉलिसीत तुम्ही आहात, पण ती नोकरी असेपर्यंतच. स्वतंत्र पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून बाबांची शुगर न लपवता लिहायची आणि ती तीन वर्षं आत्ताच मोजायला सुरुवात करायची. एजंट म्हणेल, "शुगर नका लिहू, हप्ता वाढतो." त्याचं ऐकायचं नाही. नेमका दवाखान्याच्या वेळी क्लेम नाकारला जातो.

खात्यात मोठी रक्कम आली की फोन सुरू होतात. पेन्शन बंद पडेल, केवायसी करा, पोलीस बोलतोय, काहीही सांगतील. सरळ फोन ठेवायचा आणि मला लावायचा, मी मीटिंगमध्ये असले तरी. पैसे गेलेच, तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन.

आई, माझ्या लग्नासाठी तू महिन्याला ग्रॅम-अर्धा ग्रॅम सोनं घेतेस ते मला माहीत आहे. घे, तुझी हौस आहे. पण ते तुझ्या नावाचं, तुझ्या अंगावर घालायचं. लग्नाचा खर्च आम्ही दोघं करू, जो कोणी असेल तो आणि मी.

मी शनिवारी सकाळच्या स्वारगेट गाडीनं येते, दहापर्यंत पोचेन. आपण तिघं मिळून पोस्टात जाऊ. बाबा, आधार, पॅन, दोघांचे दोन-दोन फोटो, बँकेचं चेकबुक आणि कार्यालयातून मिळालेलं निवृत्तीचं पत्र, ज्यात मिळालेल्या रकमा लिहिल्यात ते, एका पिशवीत घालून ठेवा. आई, पतसंस्थेची पावती तुझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे, तीही काढ. तारीख मला बघायची आहे.

आणि जेवायला पिठलं-भाकरीच कर, दुसरं काही नको.

तुमची लेक